गुणवत्ता यादीची कुळकथा

दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं कात्रण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आजही जपून ठेवलेलं सापडेल. बोर्डात आलेल्या मुलामुलींचे पासपोर्ट आकाराचे फोटो, खाली नाव, शाळा आणि गुण. मुलाखतीतले प्रश्नही ठरलेले: रोज किती तास अभ्यास करायचास, क्लास लावला होतास का, पुढे काय व्हायचंय? 'बोर्डात आला' एवढ्या दोन शब्दांवर माणसाची गावात आयुष्यभर ओळख राहायची.

राज्य मंडळाने ही यादी जाहीर करणं २००० नंतरच्या दशकात थांबवलं. अर्ध्या-एक गुणासाठी चाललेली जीवघेणी चढाओढ आणि तिच्यावर पोसलेला धंदा सगळ्यांनाच दिसत होता. तरी यादी संपली नाही. मंडळाच्या कार्यालयातून निघून ती क्लासच्या फ्लेक्सवर गेली. नीट आणि जेईईच्या रँकमध्ये, एमपीएससीच्या निवड यादीत ती आजही भेटते. माणसांना एकाखाली एक लावायचं, वरच्याला संधी द्यायची आणि खालच्याला 'तू कमी पडलास' म्हणून परत पाठवायचं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ही पद्धत कुणीतरी, कुठेतरी, काही हेतूने सुरू केली असेल असं मनातही येत नाही.

या यादीचं कूळ तेराशे वर्षांहून जुनं आहे. चीनचा राजदरबार, केंब्रिजचं गणित, लंडनमधली आय.सी.एस.ची परीक्षा आणि मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक अशी वळणं घेत ती आपल्यापर्यंत आली. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते: परीक्षेने वशिला मोडला, वारसा मात्र तिला कुठेच मोडता आला नाही.

लाल शाईतली उत्तरं

परीक्षा घेऊन अधिकारी निवडण्याची पद्धत चीनमध्ये सुई राजघराण्याच्या काळात, सातव्या शतकाच्या आरंभी, मूळ धरू लागली. तांग काळात ती वाढली आणि सुंग काळात (इ.स. ९६० ते १२७९) राज्यकारभाराचा कणा झाली. तोवर मोठी पदं सरदार घराण्यांतच फिरत. त्या घराण्यांचा जोर कमी करायचा तर सम्राटाला दुसरी माणसं हवी होती, आणि ती माणसं परीक्षेने पुरवली.

वशिला रोखण्यासाठी सुंग काळातल्या परीक्षकांनी केलेले उपाय आजच्या परीक्षा मंडळांनाही ओळखीचे वाटतील. उत्तरपत्रिकेवरचं नाव कागद चिकटवून झाकलं जाई. तेवढ्याने भागेना, कारण परीक्षक उमेदवाराचं अक्षर ओळखत. मग कारकून बसवून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करून घेऊ लागले. पुढे अशी रीत बसली की उमेदवाराने काळ्या शाईत लिहायचं, कारकुनाने तेच लाल शाईत उतरवायचं आणि परीक्षकाच्या हाती फक्त लाल प्रत पडायची. नक्कल मुळाबरहुकूम आहे ना, हे ताडून पाहायला आणखी माणसं असत. नानजिंगच्या परीक्षागृहात वाढत वाढत वीस हजारांहून अधिक खोल्या झाल्या. खोली कसली, तीन भिंतींचा कोनाडाच तो. आत दोन फळ्या असत: दिवसा एक मेज आणि एक बाक, रात्री दोन्ही एका पातळीला आणून अंग टाकायचं.

एवढी काळजी जगात दुसरीकडे कुठे घेतली जात नव्हती. राजाच्या मर्जीतल्या सरदाराचा मुलगा आणि खेड्यातल्या शिक्षकाचा मुलगा यांच्या लाल प्रती परीक्षकासमोर सारख्याच दिसत. ही मोठीच गोष्ट होती आणि तिचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही.

मात्र त्या कोनाड्यापर्यंत पोहोचायचं कुणी? स्त्रियांना मनाई होती. नट आणि 'हीन' ठरवलेल्या काही समाजांना मनाई होती. बाकीच्यांना दार उघडं होतं, पण त्यासाठी जे अभिजात ग्रंथ पाठ करावे लागत त्यांतली चिन्हं चार लाखांहून अधिक भरतात. सात-आठ वर्षांचा मुलगा पाठांतराला बसवायचा आणि पुढची पंधरा-वीस वर्षं त्याच्याकडून शेतातलं काम अपेक्षायचं नाही, वर शिक्षकाला पोसायचं, हे किती घरांना परवडणार? इतिहासकार हो पिंग-ती यांनी १९६२च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की वरच्या परीक्षेत उतरलेल्यांत आधीच्या तीन पिढ्यांत कुणीही पदवीधर नसलेल्या घरांतले लोक बऱ्यापैकी होते. पुढे बेंजामिन एल्मन यांनी दुसरी बाजू मांडली: काका, मामा, सासरे असा गोतावळा धरला तर बिनपदवीचं वाटणारं घर बहुतेकदा पुस्तकांच्या सावलीतलंच निघतं, आणि ज्यांना अभिजात भाषाच येत नव्हती असा प्रचंड समाज तर या मोजदादीतच नाही.

चीनच्या राज्यकर्त्यांनाही हे कळलं होतं. १३९७ मध्ये मिंग सम्राट हुंगवू यांच्यासमोर अंतिम परीक्षेची यादी आली, तेव्हा तिच्यातला एकूण एक उमेदवार दक्षिणेचा होता. दक्षिण समृद्ध होती, शाळा आणि छापखाने तिकडे होते. उत्तर युद्धांनी होरपळलेली होती. उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या, तरी निकाल तोच आला. सम्राट संतापले, परीक्षकांना कठोर शिक्षा झाल्या आणि नव्याने परीक्षा घेऊन उत्तरेकडचे उमेदवार निवडले गेले. शिक्षा अन्यायाचीच होती, कारण परीक्षकांनी लबाडी केली नसावी. लबाडी न करताही यादी एकतर्फी लागू शकते, हाच तिथला धडा होता. पुढे १४२५च्या सुमारास दक्षिणेला साठ आणि उत्तरेला चाळीस टक्के अशा जागा वाटून दिल्या, आणि लवकरच मधल्या प्रांतांसाठी दहा टक्के वेगळे काढून ते प्रमाण पंचावन्न, पस्तीस, दहा असं झालं. जगातल्या सर्वांत जुन्या गुणवत्ता परीक्षेत राखीव जागा सहाशे वर्षांपूर्वी आल्या. 'राखीव जागा आल्या आणि गुणवत्ता बुडाली' असं आपल्याकडे उठसूट म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

केंब्रिजची क्रमवारी

युरोपात चीनच्या परीक्षेची कीर्ती जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतांतून पोहोचली. पण इंग्लंडकडे स्वतःचीही एक परंपरा होती. केंब्रिजमध्ये पूर्वी तोंडी वादविवादावर पदवी मिळे. अठराव्या शतकात लेखी परीक्षेचं वजन वाढत गेलं आणि गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात उतरणाऱ्यांची क्रमवारी लागू लागली. ते सगळे रँग्लर, आणि त्यांतला पहिला सीनियर रँग्लर.

मराठी वाचकाला ही पदवी परकी नाही. दापोलीजवळच्या मुर्डी गावात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य आणि मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी मोठं काम केलं, तरी लोकांच्या तोंडी ते 'रँग्लर परांजपे'च राहिले. एका यादीतली जागा माणसाच्या नावाचाच भाग होऊन बसते, हे महाराष्ट्राने त्यांच्या रूपाने पहिल्यांदा पाहिलं.

त्याच यादीने नऊ वर्षांपूर्वी एक वेगळा प्रसंग पाहिला होता. १८९० मध्ये न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट यांनी गणितात सगळ्या पुरुषांना मागे टाकलं. स्त्रियांची नावं वेगळी वाचली जात; त्यांचा क्रमांक 'सीनियर रँग्लरच्या वर' असा जाहीर झाला. मान मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या पुरुषालाच मिळाला, आणि फॉसेट यांना साधी पदवीही मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ पासून. १९०९ नंतर तिथे ट्रायपॉसची क्रमवार यादी लावणंच बंद झालं.

साडेसातशे आणि पावणेचारशे

हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्या उघडउघड वशिल्याच्या होत्या. कंपनीचे संचालक आपल्या भाच्या-पुतण्यांची, मित्रांच्या मुलांची नावं सुचवत. १८०६ मध्ये अशा तरुणांसाठी ईस्ट इंडिया कॉलेज निघालं आणि ते हेलीबरीला स्थिरावलं, पण तिथे प्रवेशही संचालकांच्या शिफारशीनेच मिळे. चीनमध्ये राहिलेले टॉमस टेलर मेडोज यांनी १८४७ मध्येच लिहिलं होतं की इंग्लंडने चीनसारखी परीक्षा घ्यावी. १८५३च्या सनदी कायद्याने संचालकांचा अधिकार काढून घेतला, १८५४ मध्ये मेकॉलेंच्या समितीने नवी योजना मांडली आणि १८५५ मध्ये लंडनमध्ये पहिली खुली परीक्षा झाली.

या योजनेतलं गुणांचं कोष्टक जवळून पाहण्यासारखं आहे. ग्रीकला ७५० गुण, लॅटिनला ७५०. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. राज्य करायचं हिंदुस्थानात, पण हिंदुस्थानच्या अभिजात भाषेला ग्रीकच्या बरोबर निम्मं वजन. यामागे हेतू होता आणि समितीने तो लपवला नाही: ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधले पदवीधर या नोकरीत यावेत. तिथे जे शिकवलं जातं तेच परीक्षेत विचारलं की तिथलेच पुढे येणार. समितीत ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे बेंजामिन जॉवेटही होते. त्याच सुमारास मेकॉलेंचे मेहुणे चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या नोकरशाहीसाठीही अशीच परीक्षा सुचवली. तिला पाठिंबा देताना ग्लॅडस्टन यांनी एका खासगी पत्रात लिहिलं की वरच्या वर्गाचं राज्ययंत्रणेशी असलेलं नातं या बदलाने उलट घट्ट होईल. खुली स्पर्धा झाली तर ती कोण जिंकणार, हे कायदा करणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

१८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर ही परीक्षा उतरणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि पुढची नोकरी त्यांनी इकडेच केली. १८६९ मध्ये चार भारतीय उतरले: रमेशचंद्र दत्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, बिहारीलाल गुप्त आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकी बॅनर्जी आणि ठाकूर यांची नावं वयाच्या वादावरून यादीतून काढली गेली. आपल्याकडची वय मोजण्याची रीत वेगळी आहे हे पटवून दिल्यावर ती परत आली. १८७८ पासून वयाची मर्यादा एकोणीसवर आणली. म्हणजे इकडच्या मुलाने त्या वयाच्या आत परक्या भाषेत तयार व्हायचं, समुद्र ओलांडायचा, लंडनचा खर्च सोसायचा आणि मग स्पर्धेत उतरायचं. परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, ही मागणी दादाभाई नौरोजींनी वर्षानुवर्षं लावून धरली. १८९३ मध्ये कॉमन्स सभेने तसा ठरावही केला, पण परीक्षा इथे प्रत्यक्ष झाली ती १९२२ मध्ये, अलाहाबादला. मर्यादा, विषय आणि ठिकाण बदलताच 'गुणवान' कोण हेही बदलत होतं.

पुण्यातून गेलेलं निवेदन

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं. १८६२ मध्ये तिथून बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर होते. या विद्यापीठाने आपल्याकडे मॅट्रिक आणली, वर्ग आणले, पहिल्याला शिष्यवृत्ती आणि बक्षीस देण्याची रीत आणली. नव्या मध्यमवर्गाने ती आनंदाने स्वीकारली. तिच्याकडे सगळ्यांत आधी नीट पाहिलं ते विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या एका माणसाने.

१८८२ मध्ये हंटर आयोग शिक्षणाची पाहणी करत होता. त्याच्यासमोर जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२चं आपलं निवेदन ठेवलं. त्यांचा मुख्य मुद्दा असा: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो आणि खेड्यातली प्राथमिक शाळा उपाशी राहते. शिष्यवृत्त्यांबद्दल ते जे म्हणाले त्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलंच नाही त्यांच्यासाठी निम्म्या शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, अशी त्यांची मागणी होती. कारणही त्यांनी दिलं: स्पर्धेने शिष्यवृत्ती वाटणं तत्त्वतः न्यायाचं दिसतं, पण त्याने शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही.

शिक्षणातल्या विषमतेवर पुढच्या शतकात युरोप-अमेरिकेत जे ग्रंथ झाले त्यांचं सार या एका विचारात आहे. जोतीरावांनी परीक्षेला अन्यायी म्हटलं नाही. ती न्यायी दिसते हे त्यांनी मान्य केलं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला: तिच्यापर्यंत येतं कोण?

उत्तर पुण्यातच पाच-सहा वर्षांत मिळालं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि पदवी परीक्षेत इलाख्यात पहिल्या आल्या. त्या क्रमांकाला इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती. ती त्यांना नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. हितचिंतकांनी पैसे जमवले तेव्हा त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या आणि तिथे कायद्याचा अभ्यास करणारी पहिली स्त्री ठरल्या.

त्यानंतर दोन दशकांनी, १९०७ मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. त्याला संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून शिक्षकांनी ते शिकवायला नकार दिला आणि त्याला फारसी घ्यावी लागली. घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. रात्री घर शांत झालं की वडील, रामजी सुभेदार, त्याला अभ्यासाला उठवत. त्या काळी मॅट्रिकला संस्कृतात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला नाना शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे आणि ती फार मानाची होती. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. ते मॅट्रिकला पहिले आले होते आणि १९१८ मध्ये आय.सी.एस.लाही पहिले आले. चिंतामणरावांच्या बुद्धीबद्दल कुणाला शंका नाही. पण ज्या विषयावर हा मान ठरत होता तो विषय भीमराव आंबेडकरांना शिकूच दिला गेला नव्हता. दोघांची तुलना करायला लागणारी मोजपट्टीच त्या यादीकडे नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे: सयाजीराव महाराजांची मदत, १९१३ मध्ये कोलंबिया, १९१५ मध्ये एम.ए., १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी., बॅरिस्टरी, आणि पुढे संविधान. ७५० पैकी २८२ गुणांत यातलं काय दिसलं असतं? त्या दिवशी कुणी निव्वळ गुणांवर निवाडा केला असता तर तो विद्यार्थी मागेच राहिला असता. सयाजीरावांनी गुणांपलीकडे पाहिलं म्हणून तो पुढे गेला.

धोक्याची सूचना

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन त्यांना वेगवेगळ्या शाळांत पाठवू लागले. वरच्या गटातली मुलं ग्रामर स्कूलमध्ये, बाकीची साध्या शाळेत. १९४५चा मजूर पक्षाचा जाहीरनामा लिहिणारे समाजशास्त्रज्ञ मायकल यंग हे सगळं जवळून पाहत होते. १९५८ मध्ये त्यांनी एक काल्पनिक इतिहास लिहिला, २०३४ मधून मागे वळून पाहणारा. त्यात बुद्ध्यांक आणि परिश्रम यांच्या बेरजेवर सत्ता मिळते. 'मेरिटॉक्रसी' हा शब्द याच पुस्तकाने जगभर नेला. यंग यांनी तो धोक्याची सूचना म्हणून वापरला होता, राजकारण्यांनी मात्र तो ध्येय म्हणून उचलला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी तो गौरवाने वापरलेला पाहून, मृत्यूच्या काही महिने आधी, २००१ मध्ये यंग यांनी त्याला वर्तमानपत्रातून जाहीर हरकत घेतली.

यंग यांना भीती होती ती माणसाच्या मनाची. जुन्या सरंजामी समाजात गरीब माणूस मालकाकडे पाहून म्हणू शकत होता, 'हा जन्माने वर बसला आहे, माझ्यापेक्षा शहाणा नाही.' परीक्षेच्या समाजात हा आधारही जातो. वरचा म्हणतो, मी कमावलं. खालचा म्हणतो, माझीच लायकी नव्हती. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत मेसचा डबा खाऊन वर्षानुवर्षं एमपीएससी, यूपीएससीची तयारी करणारी मुलं आठवा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला दरवर्षी दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते सुमारे हजारांची. उरलेल्यांत हजारो जण मनापासून मानतात की दोष आपलाच. जागाच हजार होत्या, हे साधं गणितही त्या अपराधी भावनेपुढे टिकत नाही.

वारसा परीक्षेत कसा उतरतो, हे फ्रान्सच्या पिअर बुर्दिअ यांनी उकलून दाखवलं. स्वतः पोस्टातल्या एका सामान्य नोकरदाराचा मुलगा. कठोर प्रवेश परीक्षा देऊन ते पॅरिसच्या सर्वोच्च संस्थेत पोहोचले होते. झाँ-क्लोद पासरों यांच्याबरोबर १९६४ आणि १९७० मध्ये लिहिलेल्या पुस्तकांत त्यांनी मांडलं की पैशासारखीच संस्कृतीही भांडवल असते. घरातली भाषा, घरातली पुस्तकं, बोलण्याची ढब, परीक्षकासमोर न बुजणं हे सगळं वारशाने मिळतं, आणि शाळा त्यालाच 'हुशारी' म्हणून गुण देते.

हे समजायला पॅरिसला जायची गरज नाही. मेळघाटातलं कोरकू घरातलं मूल पहिलीत येतं तेव्हा पाठ्यपुस्तकाची मराठी त्याच्यासाठी परकी भाषा असते. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारं मूल वर्गात 'पानी' म्हणतं आणि बाई 'पाणी म्हण' म्हणून सगळ्यांदेखत सुधारतात. दोन-तीनदा असं झालं की ते मूल हात वर करणं सोडतं. शहरातल्या लेखनिकाच्या किंवा प्राध्यापकाच्या मुलाला प्रमाणभाषा पाळण्यातच मिळालेली असते. दहा वर्षांनी दोघांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की एकीत 'भाषेवर प्रभुत्व' दिसतं आणि दुसरीत 'भाषा कच्ची'. परीक्षकाने पक्षपात केला नाही, नावही झाकलेलं होतं, तरी निकाल लागला तो घराचा.

भारतातल्या अभ्यासकांनीही हेच दाखवलं आहे. सतीश देशपांडे यांनी उच्च शिक्षणातल्या जातीबद्दल लिहिताना दाखवलं की वरच्या जातींचा पिढीजात लाभ 'गुणवत्ता' या नावाखाली दिसेनासा होतो. अजंता सुब्रमण्यन यांनी २०१९च्या आपल्या ग्रंथात आयआयटीच्या संदर्भात हीच प्रक्रिया तपशिलाने उलगडली. जानेवारी २०२२ मध्ये नीटमधल्या ओबीसी आरक्षणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खुल्या परीक्षेतली कामगिरी म्हणजेच गुणवत्ता असं मानता येत नाही. तिच्यामागचे सामाजिक आणि आर्थिक लाभ लक्षात घ्यावेच लागतात. निकाल लिहिला होता न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. जोतीरावांच्या निवेदनाला तेव्हा एकशे चाळीस वर्षं होत आली होती.

दुसरं कूळ

महाराष्ट्रात या यादीच्या शेजारीच आणखी एक परंपरा उभी राहिली. तिचं नाव वसतिगृह.

राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे सर्वश्रुत आहे. पण त्याआधीपासून, १९०१ पासून, ते कोल्हापुरात वसतिगृहं उभी करत होते. निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं निघाली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. महाराजांना कळलं होतं की नोकरीतली राखीव जागा भरायला शिकलेला मुलगा हवा, आणि शेतकऱ्याचा मुलगा शिकायचा तर त्याला शहरात डोकं टेकायला जागा, दोन वेळचं जेवण आणि रात्री वाचायला दिवा हवा.

कोल्हापूरच्या वसतिगृहात वाढलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला शाहू बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीत जेवत, भाजीपाला पिकवत, दळण दळत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' ही त्यांची रीत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले. परीक्षा ज्या ठिकाणी सुरू होते त्याच्या कितीतरी आधी हे लोक कामाला लागले होते. महाराष्ट्राच्या खेड्यांतून जे डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी घडले त्यांच्या गुणांमागे अशा बोर्डिंगांतलं अन्न आहे.

हे काम जुनं झालेलं नाही. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या म्हणून दार पुन्हा उघडलं. पहिलीच्या वर्गातला हा झगडा आणि बारावीनंतरची रँक या एकाच गोष्टीच्या दोन टोकांना आहेत, हे ओळखायला हवं.

परीक्षा बंद करा असं मी म्हणणार नाही. तिच्याविना पुन्हा चिठ्ठी आणि मर्जी येईल, आणि त्याचा पहिला फटका गरिबालाच बसेल. नाव झाकून तपासलेली उत्तरपत्रिका ही माणसाने फार कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे. पण परीक्षा जे मोजते तेवढंच तिच्याकडून ऐकावं. एका दिवशी, एका भाषेत, ठरलेल्या प्रश्नांवर कोण किती तयार होता, हे ती सांगते. कुणाची लायकी किती, हे ती सांगत नाही. आणि ज्याला आपण 'आरक्षणाने आलेला' म्हणतो त्याने किती अंतर तोडलं, हे तर ती मुळीच सांगत नाही.

ज्यांच्या हाती गुणांवरून निवडीचा अधिकार आहे, मग ते प्राचार्य असोत, मालक असोत की मुलाखत घेणारे, त्यांना माझी विनंती एवढीच आहे: उमेदवाराचे गुण वाचण्याआधी तो कुठून निघाला होता ते विचारा. आणि ज्यांच्या हाती सरकारी तिजोरी आहे त्यांना जोतीरावांचीच मागणी पुन्हा सांगायची आहे: पैसा आधी खेड्यातल्या शाळेत आणि वसतिगृहात घाला. ज्या मुलाला आपण शिक्षक, पुस्तक आणि पोटभर जेवण दिलं नाही, त्याच्या गुणांवरून त्याची लायकी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.